वास्तू तथास्तु म्हणते आणि मी ब्लूज म्हणतो

साउथहॅम्प्टनमध्ये माझ्याइतका खालचा सूर लावणारा दुसरा माणूस नाही. हे मी म्हणत नाही, आइल ऑफ वाइटला जाणारी फेरीबोट म्हणते. एकदा धक्क्यावर उभं राहून मी नुसता घसा साफ केला, तर अर्ध्या वाटेवर गेलेली फेरी वळून परत आली. कॅप्टनला वाटलं, बंदरातून भोंगा दिला. बायको म्हणते, त्या दिवशी धुकं होतं म्हणून वळली. बायको डॉक्टर आहे, तिला प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण लागतं.

पुण्याहून मी इथे आलो तो 'डॉक्टरचा नवरा' या पदावर. तिला हॉस्पिटलात नोकरी होती, मला थंडी होती. पुढे बंदराच्या ऑफिसात चिकटलो. जहाजातून उतरलेला कुठला कंटेनर कुठे रचायचा, हे ठरवायचं माझं काम. दिवसभर डबे रचणारा माणूस संध्याकाळी गाणार नाही तर काय करणार? धक्क्याजवळच्या एका पबात बुधवारी कोणीही उठून गावं अशी पद्धत होती. एका बुधवारी मी गिटार घेऊन उठलो, तो अजून खाली बसलेलो नाही.

तिथेच मला गुरू भेटला. जन्मभर जहाजांवर स्वयंपाक केलेला, हाडांचा सांगाडा झालेला म्हातारा. हार्मोनिका अशी वाजवायचा की ग्लासातल्या बिअरला पुन्हा फेस यायचा. माझं पहिलं गाणं ऐकून तो म्हणाला, "आवाज आहे तुझा. पण तुझ्या गाण्यातला माणूस पोटभर जेवलेला वाटतो."

खरंच होतं. तेव्हा मी आंबेमोहोर भात खाऊन आलो होतो.

मग मी दुःखाचा अभ्यास सुरू केला. ब्लूज म्हणजे दुःखाचं गाणं, त्याचा हिशेब सोपा असतो. पहिल्या ओळीत दुःख सांगायचं. दुसऱ्या ओळीत तेच परत सांगायचं, कारण पहिल्या वेळी कोणी लक्ष दिलेलं नसतं. तिसऱ्या ओळीत त्याला टाचणी लावायची. सहा महिन्यांत मी इतका दुःखी झालो की बेस गिटारला एक निवृत्त पोस्टमन मिळाला आणि ड्रमला दातांच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट. ती ड्रम वाजवायला लागली की पुढच्या रांगेतल्या लोकांच्या दाढा आपोआप सैल व्हायच्या. गुरू हार्मोनिकावर. असा आमचा बँड झाला.

सगळं ठीक चाललं होतं, आणि सासूबाई आल्या.

सासूबाई साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या. सासरे गेल्यावर लेकीने त्यांना कायमचं आमच्याकडे आणलं. मी त्यांना 'आई' म्हणतो आणि त्या मला 'तुम्ही' म्हणतात. 'तुम्ही' म्हणून माणसाला किती झोडपता येतं, हे ज्याला सासू नाही त्याला कळायचं नाही.

पहिल्याच रविवारी मी हॉलमध्ये बसून इंग्रजीत एक नवं गाणं बसवत होतो. त्यात माझं छप्पर गळत होतं, शेजारचा कुत्रासुद्धा माझ्याकडे बघत नव्हता आणि बायको मला सोडून गेली होती. सासूबाई कणकेच्या हातांनी किचनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"जावईबापू, घरात असं अभद्र बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणते."

"आई, हे गाणं आहे."

"गाणं काय, बोलणं काय, तिला काय फरक? फाइल न वाचता सही करणारा साहेब असतो ना, तशी असते ती. पुढ्यात आलं की तथास्तु."

घराच्या पायाखाली वास्तुपुरुष पालथा पडलेला असतो आणि दिवसभर तथास्तु, तथास्तु पुटपुटत असतो, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. पण तो बोटीत बसून साउथहॅम्प्टनपर्यंत आला असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मी हसलो.

मंगळवारी बाथरूमचं छत गळायला लागलं.

इंग्लंडात छत गळणं म्हणजे सूर्य उगवण्यापेक्षा नेमाची गोष्ट. पण त्याच आठवड्यात शेजारच्या कुत्र्याने मला बघून तोंड फिरवलं. आणि महिना संपायच्या आत बायकोला तीन महिन्यांसाठी कार्डिफच्या हॉस्पिटलात पाठवलं. तिची बॅग गाडीत ठेवून मी घरात आलो. सासूबाई टेबलावर पानं वाढत होत्या. भाजी वाढून झाल्यावर म्हणाल्या, "अजून एखादी ओळ राहिली असेल तर म्हणून टाका. म्हणजे मी आताच बॅग भरते."

त्या दिवसापासून माझा ब्लूज हद्दपार झाला. गॅरेजमध्ये गेलो तर, "गॅरेज घराला चिकटलंय, म्हणजे वास्तूच." बागेतल्या शेडमध्ये गेलो तर, "शेड सुटी आहे, पण तिलाही पाया आहे." गाडीत बसून म्हटलं, तर त्या खिडकीतून हात करून ओरडल्या, "गाडीसमोर आपण नारळ फोडलाय! तीसुद्धा ऐकते!" मी मनात म्हटलं, गाडीला काय कान असतात? मुद्दाम 'हा रस्ता संपता संपत नाही' अशी ओळ घेत निघालो, आणि एम ट्वेंटीसेव्हन हायवेवर इतका वेळ अडकलो की पुढच्या गाडीतल्या माणसाने माझ्यासमोर दाढी वाढवली.

बँडवाले वैतागले. घरी रियाज नाही आणि पबात येऊन चुका. मी त्यांना वास्तुपुरुषाचं कारण सांगितलं. गुरू म्हणाला, "तुझ्या घरातल्या त्या माणसाशी बोल."

"कुठल्या माणसाशी?"

"तो जमिनीखाली झोपलेला. त्याला काय हवंय विचार."

गुरूने मस्करीत सांगितलं, पण मला त्यात वकिली मुद्दा दिसला. दुसऱ्या दिवशी जेवताना मी विषय काढला.

"आई, हे घर कोणी बांधलं?"

"मला काय माहीत? इथल्याच कोणीतरी."

"म्हणजे इंग्रजांनी. मग याचा वास्तुपुरुष कोण? इंग्रज."

सासूबाईंनी जमिनीकडे पाहिलं. घास तसाच हातात.

"त्याला मराठी येत असेल?" मी विचारलं.

माणूस जन्मभर मास्तर असला की खरं उत्तर टाळता येत नाही. त्या म्हणाल्या, "छे. इथल्या लोकांना स्वतःची सोडून दुसरी भाषा येत नाही. मी बघतेय ना."

"मग मी मराठीत ब्लूज म्हटला तर?"

ताक प्यायल्या. "म्हणा," म्हणाल्या. "पण एकही इंग्रजी शब्द नको हं. एक जरी कळला तरी तो बाकीचं अंदाजाने ओळखेल. माझ्या शाळेतल्या मुली तशाच पास व्हायच्या."

इथे माझ्या करिअरचा सर्वांत कठीण काळ सुरू झाला. लोक समजतात, कलावंताला भूक छळते, तहान छळते. मला 'वीकेंड' छळला. इतकी वर्षं इथे राहिल्यावर माझी मराठी म्हणजे इंग्रजी भिंतीला मराठी वॉलपेपर. 'ट्रेन चुकली' लिहिलं, खोडलं. 'हार्टब्रेक' तर नुसता मनात आला तरी किचनमधून खाकरणं ऐकू यायचं. शेवटी मोठ्या हौसेने लिहिलं की बायको कुकर घेऊन गेली आणि शिट्टी मागे ठेवून गेली. सासूबाईंनी कान टवकारले.

"कुकर इंग्रजी आहे."

"आई, कुकर मराठीच झालाय आता!"

"तुमच्यासाठी. त्याच्यासाठी नाही."

मग कुकर गेला आणि पोळपाट आला. ते गाणं असं झालं:

गेली हो गेली, बायको घर सोडून गेली,
गेली हो गेली, बायको घर सोडून गेली,
पोळपाट नेला बरोबर, लाटणं माझ्यासाठी ठेवून गेली.

बुधवारी पबात म्हटलं. गुरूने डोळे मिटून हार्मोनिका लावली, पोस्टमनने बेसवर पावलं टाकली. एक शब्द न कळता पब गप्प झाला. जगात पहिल्यांदा माझ्या गाण्यातला माणूस उपाशी वाटला. गोऱ्या लोकांचा समज मात्र असा झाला की 'गेली' हे त्या बाईचं नाव. काउंटरवरचा एक ट्रकवाला दर बुधवारी खांद्यावर हात ठेवून विचारायचा, "गेलीचं काही कळलं का?" मी मान हलवायचो. तो मला आपली बिअर द्यायचा. मी पुढच्या जन्मी त्याला खरं सांगणार आहे.

तोवर बायको कार्डिफहून परत आली होती. आता खरी गोष्ट सुरू होते.

उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याकाठी एक ब्लूजचा सोहळा असतो. मोठा तंबू, हजार माणसं, बाहेर बर्गरच्या गाड्या. तिथे गाणं म्हणजे आमच्या भागात काशीला गेल्यासारखं. दर वर्षी आम्ही विचारायचो आणि दर वर्षी नकार यायचा की बायकोने सोडलेले मध्यमवयीन पुरुष आमच्याकडे भरपूर आहेत. मला काही वाटायचं नाही. मी अजून पन्नास वर्षं गाणार होतो. पण त्या वर्षी गुरू मला धक्क्यावर घेऊन गेला, बाकावर बसला आणि दम लागेपर्यंत खोकला.

"डॉक्टर म्हणते फुंकणं बंद कर," तो म्हणाला.

"कोण डॉक्टर?"

"तुझी बायको."

मी त्याच्या शेजारी बाकावर बसलो.

"मी जहाजांवर हजारो माणसांना जेवण घातलं," तो म्हणाला. "एकानेही किचनमध्ये येऊन टाळी वाजवली नाही. एकदा मोठ्या तंबूत वाजवायचंय मला. या उन्हाळ्यात. पुढच्या उन्हाळ्यात हा भाता चालणार नाही." आणि त्याने छातीवर हात मारला, तर तिथून अकॉर्डियनसारखा आवाज आला. इथे मी काही वाढवून सांगत नाही.

तंबूत कोणाला घ्यायचं हे लोकल रेडिओवरची एक बाई ठरवायची. ती कलावंतांच्या घरी जाऊन, त्यांच्या हॉलमध्ये रेकॉर्डिंग करायची. म्हणायची, घरात माणूस खरा गातो. मी तिच्या इतक्या मागे लागलो की शेवटी तिने एक शनिवार दिला. आमच्या घरात. आमच्या हॉलमध्ये.

शनिवारी सकाळी सासूबाई चहाला खाली आल्या त्या गंभीर चेहऱ्याने.

"जावईबापू, घोटाळा झालाय. त्याला मराठी येतं."

"कोणाला?"

त्यांनी बोटाने जमीन दाखवली. "काल मी म्हटलं, थंडी वाजते बाई. आणि हीटिंग आपोआप चालू झालं."

"आई, ते टायमरवर आहे!"

"वीस वर्षं तुमचं दोघांचं बोलणं ऐकतोय तो. कॉलेजला गेलेली नातवंडं मराठी शिकली नाहीत ती नाहीत, पण तो शिकला. बिचारा दुसरं करतो काय पडल्या पडल्या?"

दारावर बेल वाजली. रेडिओवाली बाई, मागे पोस्टमन, मागे ड्रम, मागे गुरू. सासूबाई पदर खोचत किचनकडे वळल्या. "तुम्ही गा. पाहुण्यांना परत पाठवू नये. मी बघते काय करायचं ते."

बाईने माइक लावले, कानावर हेडफोन चढवला, बोट वर केलं. मी सुरू केलं.

"गेली हो गेली, बायको घर सोडून गेली..."

किचनमधून, खणखणीत, शाळेच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात:

"नाही हो गेली! कामावर गेली!"

मी दचकलो. पण ब्लूज म्हणजे उताराला लागलेली गाडी, थांबवता येत नाही.

"गेली हो गेली, बायको घर सोडून गेली..."

"एकदा सांगितलं ना! साडेसहाला येईल!"

"पोळपाट नेला बरोबर..."

"पोळपाट इथेच आहे!" आणि पुरावा म्हणून त्यांनी त्यावर लाटणं हाणलं. ठाक! बरोबर तालावर. पुन्हा ठाक! ड्रमवालीने मान वळवून किचनकडे असं पाहिलं जसं कोणी आपल्या हरवलेल्या बहिणीकडे बघेल. गुरूने त्या 'इथेच आहे'चा सूर हार्मोनिकावर उचलला आणि हॉलभर फिरवला. पुढची पाच कडवी मी जे जे अशुभ म्हणालो, ते ते सासूबाईंनी जागच्या जागी खोडून काढलं. 'छप्पर उडालं' म्हणालो तर, "परवाच दुरुस्त केलंय!" 'विहीर आटली' म्हणालो तर, "नळाला पाणी आहे, बघा!" आणि नळ सोडला.

रेडिओवाल्या बाईच्या डोळ्यांत पाणी. हेडफोन काढून ती म्हणाली की हाक आणि उत्तर, हाच तर ब्लूजचा आत्मा, आणि तो तिला आज एका किचनमध्ये भेटला. तंबूतली जागा तुमची. अट एकच, त्या बाई स्टेजवर हव्यात.

गुरू सोफ्यावर बसून लहान मुलासारखा हसत होता. मी किचनमध्ये धावलो.

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आई!"

"तंबूला पाया असतो का?"

"नाही."

"पाया नाही म्हणजे वास्तुपुरुष नाही. तिथे तुम्ही वाट्टेल ते अभद्र बोला, कोणी तथास्तु म्हणणार नाही. मग मी खोडून कशाला काढू?"

"खोटं खोटं खोडायचं."

"खोटं बोलायला मी काय गाणारी आहे?"

पुढचे दोन महिने मी काय काय केलं! जिलब्या आणल्या. रीडिंग गावच्या मराठी मंडळींकडून फोन करवले. गुरूला घरी आणून समोर खोकायला लावलं. त्यांनी त्याला आल्याचा काढा दिला, अंगावर शाल घातली, जाताना डबा भरून दिला, पण शब्द दिला नाही. "मी ऐकायला येईन," म्हणाल्या. "तेवढं माझं कर्तव्य आहे."

आल्या. साडीवर रेनकोट, मांडीवर थर्मास, पहिल्या रांगेत मधोमध. तंबू गच्च भरलेला. बायको ड्यूटीवरून परस्पर येणार होती, तिचा पत्ता नव्हता. रेडिओवाली बाई स्टेजच्या कडेला उभी. तिला मी सांगितलं होतं की सासूबाई प्रेक्षकांतून उत्तर देणार, तो आमचा नवा प्रयोग आहे. त्या कधी ना कधी बोलतील, अशी माझी आशा होती. माझ्या आशेवर लंडनपर्यंत रेल्वे चालेल.

"गेली हो गेली, बायको घर सोडून गेली..."

मी थांबलो. उत्तराची जागा मोकळी सोडली. शांतता. सासूबाईंनी शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरसारखी मान डोलावली.

"गेली हो गेली, बायको घर सोडून गेली..."

पुन्हा तेच. एवढी मोठी मोकळी जागा मी साउथहॅम्प्टनच्या बंदरातही पाहिलेली नाही. लोक बर्गरच्या गाड्यांकडे बघायला लागले. रेडिओवाल्या बाईने हातांनी विचारलं, काय झालं? गुरू त्या मोकळ्या जागा फुंकून फुंकून भरत होता, आणि प्रत्येक वेळी त्याचा श्वास थोडा आखूड होत होता. त्याचं आयुष्यभराचं स्वप्न माझ्या डोळ्यांदेखत धापा टाकत होतं. मी तिसरी ओळ विसरलो. घशात आलं ते परत पहिलंच, आणि या वेळी ते खरोखर रडवेलं आलं:

"गेली हो गेली, बायको..."

"गेले नाही रे! पार्किंग शोधत होते!"

तंबूच्या दारात बायको. गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र, हातात किल्ली, केस उडालेले. तिच्या आईचाच आवाज, फक्त वीस वर्षं कमी ओरडलेला.

तंबूने एकदम माना वळवल्या. गुरूने 'शोधत होते'चा सूर धरला.

"गेली हो गेली..." मी म्हणालो. दुसरं काही सुचेना.

"अरे, इथे आहे मी!"

सासूबाईंना राहवलं नाही. खुर्चीवरून उठून लेकीकडे वळल्या. "अगं, मग नीट सांग ना त्यांना! कधीचे रडतायत बिचारे!"

"सांगतेच आहे ना, आई! जागा कुठे आहे इथे?"

"मग लावलीस कुठे?"

"डबल येलोवर!"

"अगं बाई! आणि उभी काय राहिलीस?"

"याचं संपल्याशिवाय कशी जाऊ? लवकर आटप रे!"

हे सगळं तालात, प्रत्येक वाक्य मोजून मात्रेत, आणि मधे मधे ड्रमवालीचा ठाक. लोक उभे राहिले. शब्द कोणाला कळत नव्हते, पण भांडण कुठल्याही भाषेत कळतं. ब्लूज हा सावकाश गायचा प्रकार, पण मला डोळ्यांसमोर गाडी लावायला बंदी असलेल्या दुहेरी पिवळ्या रेघांवरची आमची गाडी आणि दंडाची पावती घेऊन तिच्याकडे चालत येणारा वॉर्डन दिसत होता. मी वेग दुप्पट केला. पोस्टमन कुत्रा मागे लागल्यासारखा बेसवर पळाला. "आली हो आली, बायको गाडी तिथेच सोडून आली," असं मी म्हणालो, आणि सासूबाई गर्दीतून ओरडल्या, "अहो, पुरे! आधी गाडी काढा!"

शेवटचा सूर गुरूचा होता. तो त्याने इतका लांबवला की मी गिटार खाली ठेवली, स्टेजवरून उतरलो, थर्मास उचलला, सासूबाईंचा हात धरला, तंबूबाहेर आलो, तरी तो चालूच होता. बायको पुढे धावत होती. रस्त्याच्या वळणावर पोचलो तेव्हा तो सूर थांबला आणि टाळ्या सुरू झाल्या. हजार माणसांच्या. स्टेजवर वाकून नमस्कार करायला त्याच्याशिवाय पुढे कोणीच उरलं नव्हतं. आम्हाला त्या टाळ्या गाडीची काच वर करेपर्यंत ऐकू येत होत्या.

"अजून वाजतायत," सासूबाई म्हणाल्या. "थांबा जरा, काच खाली करा."

"आई, वॉर्डन येतोय!" बायको म्हणाली.

"येऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "म्हाताऱ्याचं होऊ दे आधी."